बाय एक्मोवर होती ते सहा दिवस

बाय, माझी तान्ही लेक, अंगावर प्यायला लागली की दोन मिनिटांत तिचं कपाळ ओलं व्हायचं. मग ती तोंड सोडायची, कळवळून रडायची, ओठांभोवती पांढुरकी पडायची आणि थकून झोपून जायची. अर्ध्या तासाने पुन्हा भूक. 2019 चा मे महिना होता. भांडुपची आमची खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. घाम कोणाला येत नव्हता? सासूबाई म्हणाल्या, "मुंबैचो उकाडो गो ह्यो. मोठ्यांका येता, पोराक येवचो नाय?" मलाही ते पटलं. पुढचं सगळं त्या घामात होतं आणि मी तो रोज पदराने पुसत होते.

जवळच्या डॉक्टरांनी कफ सांगितला. दोनदा वाफ देऊन आणली. वजन भरत नव्हतं, त्यावर "अंगचीच बारीक असेल" हे उत्तर मिळालं. तिसऱ्या वेळी मी हट्टाने म्हटलं, छातीचा फोटो तरी काढा. फोटोत अर्धी छाती हृदयानेच व्यापलेली दिसली. त्या डॉक्टरांवर आता माझा राग नाही. पण बाळाला पिताना घाम का येतो, एवढा एक प्रश्न कोणी मला परत विचारला असता तर आमचे पाच आठवडे वाचले असते.

मोठ्या हॉस्पिटलात टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. आधी वाटलं हृदयाचा स्नायूच कमजोर आहे. मग इको करणाऱ्या मॅडमनी ईसीजीचा कागद हातात घेतला, पुन्हा प्रोब ठेवला आणि एकाच जागी कितीतरी वेळ बघत राहिल्या. तो ईसीजी हार्ट ॲटॅक आलेल्या माणसासारखा होता. साडेतीन महिन्यांच्या बाळाचा.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही वाहिन्या महाधमनीतून निघतात. बायची डावी वाहिनी भलत्याच ठिकाणाहून, फुफ्फुसाकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या धमनीतून निघाली होती. डॉक्टर याला अल्कापा म्हणतात. साधारण तीन लाख जन्मांमागे एखादं बाळ असं असतं. पोटात असताना आणि जन्मल्यावर काही आठवडे त्या धमनीत दाब जास्त असतो, तोवर निभावतं. दाब उतरला की त्या वाहिनीत पुरेसं रक्त शिरत नाही, उलट उजवीकडून आलेलं चांगलं रक्तही तिकडेच निसटतं. डावी बाजू उपाशी राहते. आणि एवढ्याशा जिवाला दूध ओढण्याइतके कष्ट दुसऱ्या कशाचे नसतात. म्हाताऱ्या माणसाला जिना चढताना छातीत कळ यावी, तशी माझ्या बाळाला माझ्या मांडीवर पिताना कळ येत होती.

बायचं पंपिंग, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं ते, 20 टक्के होतं.

ऑपरेशन करणाऱ्या सरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं. वाहिनी मुळापासून सुटी करायची आणि महाधमनीत जोडायची. "जोडणं जमेल," ते म्हणाले, "पण जोडल्याबरोबर हृदय उठून बसेल असं नाही. ते उपाशी राहून निजलंय. त्याला उठायला दिवस लागतील. तेवढे दिवस त्याचं काम दुसऱ्या कोणीतरी करायला लागेल." मग त्यांनी एक्मोचं नाव पहिल्यांदा काढलं. ऑपरेशन चालू असताना हृदय थांबवून जे हार्ट-लंग मशीन लावतात, त्याचाच हा भाऊ. ते काही तास चालतं, हे काही दिवस. अशुद्ध रक्त बाहेर घ्यायचं, पंपाने ढकलायचं, कृत्रिम फुफ्फुसातून नेऊन त्यात ऑक्सिजन भरायचा, कार्बन डायऑक्साइड काढायचा, गरम करून परत अंगात सोडायचं.

माझ्या नवऱ्याने विचारलं, यातून किती मुलं घरी जातात? सरांनी वळसा घेतला नाही. हृदयाच्या ऑपरेशननंतर एक्मोवर जाणाऱ्या मुलांपैकी जगभरात साधारण निम्मी घरी जातात, म्हणाले. बायच्या आजारात स्नायू मेलेला कमी आणि निजलेला जास्त असतो, म्हणून त्यांना आशा जास्त होती. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, गुठळी जाऊ शकते, किडन्या थांबू शकतात, हेही त्याच बैठकीत सांगितलं. मी त्या माणसाची कायमची ऋणी आहे, आणि ऑपरेशनपेक्षाही जास्त त्या अर्ध्या तासासाठी. कारण नंतर जे जे झालं त्यातलं प्रत्येक मी आधी एकदा ऐकलेलं होतं.

तारीख मिळाली बुधवार, 17 जुलै. आदल्या रात्री गुरुपौर्णिमा आणि वर चंद्रग्रहण. सासूबाईंच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. त्या काही बोलल्या नाहीत. पहाटे ग्रहण सुटल्यावर त्यांनी आंघोळ केली, बायच्या टाळूला हात लावला आणि मला म्हणाल्या, "ने."

सकाळी आठला आत नेली. दुपारी तीनच्या सुमारास सर बाहेर आले. वाहिनी जोडली गेली होती, पण मशीनवरून उतरवायचा प्रयत्न केला की दाब कोसळत होता. "एक्मोवर घेतलंय," म्हणाले. "ठरल्याप्रमाणेच." हा शेवटचा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला असावा. मी तो धरून बसले.

संध्याकाळी आम्हाला एकेकाला आत सोडलं. बाय उताणी, अंगाने सुजलेली, पापण्या फुगलेल्या. छाती मिटवलेली नव्हती. त्यावर पारदर्शक आवरण ताणून बसवलं होतं आणि त्याच्या कडेतून नळ्या बाहेर आल्या होत्या. एकीतून रक्त यंत्राकडे जात होतं, पिकल्या जांभळाच्या रंगाचं. दुसरीतून परत येत होतं, कुंकवासारखं. तिसरी एक बारीक नळी होती, हृदयाचा डावा कप्पा रक्ताने फुगू नये म्हणून. मी चेहऱ्याकडे बघू शकले नाही. पायांना हात लावला. पाय गरम होते. आदल्या महिनाभरात तिचे पाय असे गरम मला कधी लागले नव्हते.

बायच्या अंगात एकूण रक्त साडेतीनशे मिलीच्या आसपास. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटलीसुद्धा भरणार नाही. त्यामुळे यंत्राच्या नळ्या आधी दुसऱ्या कोणाच्या तरी रक्ताने भरून मग तिला जोडल्या होत्या. आणि तो पंप मिनिटाला अर्धा लिटर रक्त फिरवत होता, म्हणजे तिच्या अंगातलं सगळं रक्त मिनिटाला एकदाहून जास्त वेळा बाहेर येऊन जात होतं.

कॉटशेजारी एक सिस्टर आणि यंत्राशेजारी ते चालवणारे एक परफ्यूजनिस्ट दादा, दिवसरात्र पाळीपाळीने. दादांच्या खिशात टॉर्च असायचा. दर थोड्या वेळाने ते ऑक्सिजनेटरच्या, म्हणजे त्या कृत्रिम फुफ्फुसाच्या, प्रत्येक कोपऱ्यावर, नळीच्या प्रत्येक सांध्यावर उजेड पाडून बघायचे. रक्त प्लॅस्टिकला लागलं की गोठायला बघतं. गोठू नये म्हणून हेपारिन चालू, आणि हेपारिन चालू म्हणून नुकत्याच उघडलेल्या छातीतून रक्त गळणार. दर तासाला थेंबभर रक्त घेऊन ते गोठायला किती सेकंद लागतात ते मोजत. 180 ते 200 च्या मध्ये ठेवायचं होतं. आकडा खाली गेला की यंत्राला भीती, वर गेला की बायला. त्या दादांचा चेहरा मी इतका वाचायला शिकले होते की टॉर्च एका जागी दोन क्षण जास्त थांबला तरी माझ्या पोटात गोळा यायचा. चौथ्या दिवशी एका कोपऱ्यात काळपट ठिपका दिसला. त्यांनी चार्टवर नोंदवला, घड्याळ बघितलं, आणि मग तो ठिपका वाढतोय का एवढंच ते दोन दिवस बघत राहिले. वाढला नाही.

पण माझा खरा जीव अडकला होता मॉनिटरवरच्या लाल रेघेत. बाकीच्या मुलांच्या मॉनिटरवर रक्तदाबाची लाल रेघ डोंगरांसारखी वरखाली होताना दिसायची. बायची जवळजवळ सपाट. आकडा होता, 48, 50, पण ठोका नव्हता. मला वाटलं यंत्र बिघडलंय. कोल्हापूरकडच्या एक सिस्टर होत्या, त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. "वहिनी, हा दाब पंपाचा आहे. पंप एकसारखं ढकलतो, म्हणून रेघ सपाट. तिचं हृदय स्वतः ढकलायला लागलं की या रेघेला उंचवटे येतील. आकड्याकडे बघू नका. उंचवट्यांकडे बघा." बाहेर कोणाला विचारलं तर एकच उत्तर यायचं, "स्टेबल आहे." त्या शब्दाने आई-बापाला काही कळत नाही. सिस्टरनी मला बघायला काहीतरी दिलं. तेव्हापासून आत गेले की मी तीनच गोष्टी विचारायची: फ्लो, म्हणजे पंप मिनिटाला फिरवतोय ते रक्त, किती, ड्रेनमध्ये, म्हणजे छातीतलं गळलेलं रक्त बाहेर आणणाऱ्या नळीत, तासाला किती आलं, आणि रेघ कशी आहे. कोणी रागावलं नाही. उलट रात्रीचे डॉक्टर मला आपणहून सांगायला लागले.

दुसऱ्या रात्री ड्रेनमध्ये तासाला चाळीस-पंचेचाळीस मिली यायला लागलं. तिच्या अंगातल्या एकूण रक्ताचा हिशेब केलात तर हे किती भयंकर आहे ते कळेल. हेपारिन बंद केलं, रक्त आणि प्लेटलेट चढवत राहिले, पहाटे सर आले आणि आयसीयूतच पडदे लावून छातीत पुन्हा हात घातला. एका टाक्याजवळून गळत होतं. ते थांबलं. आम्ही बाहेरच्या बाकड्यावर होतो.

त्या पहाटेपासून प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींची, पळापळ सुरू झाली. प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, साठा करून ठेवता येत नाही. नवऱ्याचे मित्र भांडुपच्या गोविंदा पथकातले. गुरुपौर्णिमेला त्यांच्या सरावाचा नारळ फुटला होता. पावसात भिजत सातजण ब्लड बँकेत येऊन बसले. त्यातल्या दोघांना परत पाठवलं, कारण सरावात खांदा भरला म्हणून त्यांनी ॲस्पिरिनची गोळी घेतली होती आणि त्या गोळीने प्लेटलेट निकामी होतात. एकजण, जो सगळ्यात वरच्या थरावर चढतो, तो वजनाने कमी भरला. तो तिथेच भिंतीला टेकून रडला. बाकीचे चौघे एकेक करून यंत्राला हात लावून तास-दीड तास पडून राहिले. रात्री त्या चौघांपैकी कोणाचं तरी पिवळसर द्रव्य बायच्या नळीत उतरताना मी पाहिलं.

रोज सकाळी मेंदूची सोनोग्राफी व्हायची. कवटीचं हाड मिटलेलं नसतं तिथून, टाळूवरून. जन्मल्यापासून सासूबाई ज्या जागी बोट बुडवून तेल जिरवायच्या, नेमकी तीच जागा. जेल लावून प्रोब ठेवला की मला त्यांचं बोटच दिसायचं. सासूबाईंना मी फोनवर सांगितलं की टाळूतून डोक्याच्या आत बघतात आणि आत सगळं ठीक आहे. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तेल चांगला मुरला होता."

मला करण्यासारखं एकच काम होतं, दूध. दर तीन तासांनी हातपंपाने काढायचं, बाटलीवर तारीख-वेळ लिहून फ्रीजमध्ये द्यायचं. त्यासाठी तिथे जागा नव्हती. पहिले दोन दिवस मी बाथरूममध्ये उभी राहून काढलं आणि ओतून दिलं, कारण तिथलं दूध बाळाला कसं द्यायचं? मग मावशींनी चादरी ठेवायची खोली उघडून दिली. छाती दगडासारखी झाली होती. बाहेरच्या बाकड्यावर शहाद्याकडची एक बाई होती, तिचा दोन वर्षांचा मुलगा आमच्या आधीपासून एक्मोवर होता. तिने आपला रुमाल गरम पाण्यात पिळून मला शेकायला शिकवलं. तिसऱ्या दिवसापासून बायच्या नाकातल्या नळीतून दर दोन तासांनी एक मिली दूध सुरू केलं. एक मिली म्हणजे वीस थेंब. पोट जागं राहावं म्हणून. त्या वीस थेंबांनी मला काय दिलं ते मला नीट लिहिता येणार नाही.

रात्री परफ्यूजनिस्ट दादांनी एकदा सांगितलं, 1975 साली अमेरिकेत रॉबर्ट बार्टलेट नावाच्या डॉक्टरांनी एका नवजात मुलीला असं यंत्र लावलं आणि ती वाचली. तिच्या आईने तिला हॉस्पिटलातच सोडलं होतं, म्हणून नर्सनीच तिचं नाव ठेवलं, एस्पेरान्झा. स्पॅनिशमध्ये आशा. ऐकल्यावर मी हिशेब केला की ती मुलगी आता माझ्यापेक्षा मोठी बाई असेल.

शनिवारी दुपारी लाल रेघेला पहिला उंचवटा आला. डोंगर नव्हे, पेन घसरल्यासारखी एक लाट. मी सिस्टरना हाक मारली. त्यांनी बघितलं, आणि काही न बोलता माझ्या पाठीवर हात ठेवला. रविवारी रेघेला दात आले.

सोमवारी, 22 तारखेला, इकोचा प्रोब छातीवर धरून फ्लो हळूहळू कमी करत नेला. पाचशे, चारशे, तीनशे. अडीचशेला दाब पडला. पुन्हा वाढवला. त्या दिवशी मी नवऱ्याशी भांडले, कशावरून तेही आठवत नाही. मंगळवारी पुन्हा. या वेळी शंभरपर्यंत नेलं आणि तिचं हृदय एकट्याने चालत राहिलं, मॅडम इकोवर मोजत राहिल्या, 30 टक्के, 32. दुपारी ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन नळ्या काढल्या. परत आली तेव्हा कॉटच्या त्या बाजूची जागा रिकामी होती. दादा यंत्र घेऊन गेले होते. मला मोकळं वाटायला हवं होतं, पण मला तिथे फार भीती वाटली. आता तिच्या मागे कोणी उभं नव्हतं.

छाती गुरुवारी मिटवली. श्वासाची नळी शनिवारी निघाली, 27 जुलैला. बाहेरच्या टीव्हीवर बदलापूरजवळ पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस दाखवत होते, सगळे तिकडे बघत होते, आणि आत बाय रडत होती पण आवाज येत नव्हता. घसा बसलेला. दहा दिवस झोपेची औषधं चालली होती, ती उतरवताना तिचे हात थरथरायचे, घाम फुटायचा, रात्रभर किंचाळायची. तो घाम बघून माझा धीरच सुटला. हा औषध सुटण्याचा घाम आहे, हृदयाचा नाही, हे मला दोन डॉक्टरांनी आणि एका सिस्टरने वेगवेगळं सांगावं लागलं.

पैशांचंही लिहिते, कारण बाकड्यावर सगळे एकमेकांना तेच विचारतात. एकदाच वापरता येणारा नळ्यांचा आणि ऑक्सिजनेटरचा संचच लाखाच्या वर जातो. रक्त, औषधं, आयसीयू वेगळं. आम्ही जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर गेलो, मुख्यमंत्री सहाय्यता निधीला आणि सिद्धिविनायक न्यासाला अर्ज केले. प्रत्येक ठिकाणी रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक लागलं. दाखला आमच्याकडे जुना होता. तारीख मिळाल्यावर पहिल्या दिवशी मी तो नवा काढायला टाकायला हवा होता; बाळ एक्मोवर असताना बापाने सरकारी कचेरीत रांगेत उभं राहणं फार वाईट. उरलेल्यात माझं मंगळसूत्र सोडून सगळं सोनं गेलं आणि दिराने भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली.

आम्ही 14 ऑगस्टला घरी आलो. गोपाळकाल्याला पथकाची पोरं दारापर्यंत आली, संसर्गाच्या भीतीने आत आली नाहीत. जो वजनाने कमी भरला होता, त्याने लांबूनच बायला हात जोडले.

पंपिंग घरी येताना 35 होतं, तीन महिन्यांनी 45, वर्षाने 60. झडपेची थोडी गळती आहे, तिच्यासाठी वर्षातून एकदा इको. कान तपासले, डोक्याचा घेर मोजत राहिले, चालायला सोळा महिने लागले. आता ती शाळेत जाते आणि जिना माझ्या आधी चढते.

शहाद्याच्या बाईचा मुलगा नवव्या दिवशी गेला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिला आणि तिच्या नवऱ्याला आत बोलावलं, बराच वेळ ठेवलं, आणि मग त्या कॉटजवळचा पंप थांबल्याचं मला बाहेर कळलं ते दादा हात धुऊन बाहेर आले तेव्हा. जाताना तिने माझा नंबर घेतला. तिचा रुमाल माझ्याकडेच राहिला आहे.

ती अजून फोन करते, वर्षातून तीन-चारदा, बहुतेक संध्याकाळी. पावसाचं, शेताचं, धाकट्या मुलीचं बोलते. मग विचारते, "बाय खेळून आली का? कपाळ कोरडं आहे ना तिचं?" मी फोन कानाला धरूनच बायला जवळ ओढते, हात लावून बघते आणि तिला सांगते.